पट्टीपासून टाइपपर्यंत: फंक्शनल भाषेत एक्सएमएल वाचताना

मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी मी पहिल्यांदा एक्सएमएल (टॅग नावाच्या खुणांच्या आत माहिती ठेवणारी मजकुराची फाइल) वाचणारा प्रोग्राम लिहिला, तो पहिल्याच झटक्यात चालला. एरर नाही, लाल ओळ नाही. संध्याकाळी दुकानाच्या दिवाणजींचा फोन आला. "साहेब, आज बासष्ट पट्ट्या झाल्यात. तुमच्या कागदावर एकोणसाठच दिसतात. तीन शेतकऱ्यांचा गूळ काय मुंग्यांनी खाल्ला?"

मुंग्यांनी नाही, मीच खाल्ला होता. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबाचा कागद. त्या तीन पट्ट्यांत दर "४१५०" ऐवजी "४,१५०" असा स्वल्पविरामासकट आला होता. माझ्या कोडला तो आकडा वाचता आला नाही, म्हणून त्यानं "काही नाही" असं उत्तर दिलं. पुढच्याच ओळीत मी "काही नाही"वाली सगळी उत्तरं गाळून यादी साफ केली होती. हास्केलमध्ये या कामाला कॅटमेबीज नावाचं फंक्शन आहे, एफ-शार्पमध्ये लिस्ट डॉट चूज आहे. दोन्ही फार सोयीची, आणि नवशिक्याचा घात तिथंच होतो.

तुम्हाला फंक्शन, यादी आणि पॅटर्न मॅचिंग जेमतेम येत असेल आणि कुणीतरी एक्सएमएल फाइल तुमच्या गळ्यात मारली असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. मी त्या हास्केलमध्ये शिकलो, पण एफ-शार्प, ओकॅमल, स्काला किंवा एल्ममध्येही पावलं तीच पडतात.

पायरी १: फाइल आधी डोळ्यांनी वाचा

एडिटरमध्ये फाइल उघडा आणि चहा संपेपर्यंत तिच्याकडे नुसतं बघा. आपली फाइल साधारण अशी आहे:

```
<पट्ट्या दिनांक="२०२४-११-१८">
  <पट्टी क्रमांक="४१२">
    <शेतकरी खाते="१०७" गाव="वडणगे"/>
    <गूळ रवे="४०" किलो="११८८" दर="४१५०"/>
    <कपात प्रकार="हमाली">३८०</कपात>
    <कपात प्रकार="तोलाई">९५.५०</कपात>
    <कपात प्रकार="उचल" पावती="२३">१५०००</कपात>
  </पट्टी>
</पट्ट्या>
```

बाहेरगावच्या वाचकांसाठी: रवा म्हणजे गुळाची ढेप, दर क्विंटलचा, आणि उचल म्हणजे शेतकऱ्यानं हंगामाआधी दुकानातून घेतलेले पैसे. ४० रव्यांचे ११८८ किलो भरले, ४१५० च्या दरानं ४९,३०२ रुपये झाले, कपात १५,४७५.५० गेली, हातात ३३,८२६.५० आले. हे गणित एकदा कागदावर मांडून ठेवा. प्रोग्रामचं उत्तर याच्याशीच जुळवायचं आहे.

टॅग मराठीत बघून दचकू नका. मूळ फाइलमध्ये ते रोमनमध्ये होते, मी इथं बदललेत. पण एक्सएमएलला देवनागरी नावं चालतात. १० फेब्रुवारी १९९८ ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं एक्सएमएल १.० ची शिफारस प्रसिद्ध केली, तिच्यात नावांना युनिकोडमधली अक्षरं वापरायची मुभा पहिल्यापासून आहे.

बघताना काय बघायचं? कोणता टॅग पुन्हा पुन्हा येतो, कोणता एकदाच येतो, कोणता कधीकधी येतच नाही. एका फाइलवरून हे कळत नाही. दहा-वीस फाइली मागून घ्या, त्यांत हंगाम संपतानाच्याही असू द्या. आणि फाइल ज्यांच्या कामाची आहे त्यांना विचारा. "उचल नसली तर टॅग येतच नाही, की शून्य येतं?" हा प्रश्न मी दिवाणजींना विचारला नव्हता. दोन्ही येतं, असं नंतर कळलं.

पायरी २: एक्सएमएल झाका आणि टाइप लिहा

नवीन माणूस इथं एक्सएमएलचाच आकार टाइपमध्ये उतरवतो. टॅगला एक रेकॉर्ड, ॲट्रिब्यूटला (टॅगमधल्या गाव="वडणगे" सारख्या जोडीला) एक फील्ड, सगळं मजकुरात. तसं करू नका. फाइल बंद करा आणि हिशेब करायला काय लागतं ते लिहा:

```
पट्टी =
  { क्रमांक : पूर्णांक
  , खाते   : पूर्णांक
  , गाव    : मजकूर
  , रवे    : पूर्णांक
  , वजन    : किलो
  , दर     : पैसे
  , कपाती  : यादी कपात }

कपात =
    हमाली पैसे
  | तोलाई पैसे
  | उचल पैसे पावती
```

ही कागदावरची भाषा आहे, कंपायलरची नाही. हास्केलमध्ये टाइपचं नाव कॅपिटल अक्षरानंच सुरू व्हावं लागतं आणि देवनागरीत कॅपिटल नाही. त्यामुळे खऱ्या फाइलमध्ये ही नावं रोमनमध्येच लिहावी लागतील.

आता "कपात" नीट बघा. एक्सएमएलमध्ये पावती हा ॲट्रिब्यूट कुठल्याही कपातीवर असू शकतो किंवा नसू शकतो. हिशेबात तसं नाही. उचल असेल तर पावती असलीच पाहिजे, आणि हमालीला पावती असतच नाही. वरच्या टाइपमध्ये "पावती नसलेली उचल" लिहायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून पुढच्या कोडमध्ये ती आहे का नाही हे कुणाला तपासावं लागत नाही. उद्या "बारदान" नावाची कपात आली, तर टाइपमध्ये एक ओळ वाढवायची. पॅटर्न मॅचिंगमध्ये ती कुठंकुठं राहिली, ते कंपायलर बोट ठेवून दाखवतो. ही सूचना काही भाषांत आपणहून चालू करावी लागते, तेवढी करा.

पैसे पूर्णांकात ठेवा, खरोखरच पैशांत. दर ४,१५,००० पैसे, वजन ११८८ किलो, गुणून १०० नं भागलं की ४९,३०,२०० पैसे. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या नेहमीच्या टाइपमध्ये, ०.१ आणि ०.२ मिळवले तर बरोबर ०.३ येत नाहीत, आणि आडत दुकानात पाच पैशांचा फरकही रात्री दहापर्यंत शोधला जातो.

पायरी ३: मजकुराचं झाड लायब्ररीला करू द्या

कच्च्या मजकुरापासून झाड, म्हणजे टॅगच्या पोटात टॅग अशी रचना, बनवायचं काम स्वतः करू नका. रेग्युलर एक्स्प्रेशननं तर मुळीच नको, टॅगच्या पोटात टॅग आला की ते गडबडतं. हास्केलमध्ये एक्सएमएल-कंड्युइट, ओकॅमलमध्ये एक्सएमएलएम, एर्लांगमध्ये एक्समर्ल आहे. स्कालात एक्सएमएल आधी भाषेसोबतच यायचं, २.११ पासून ते वेगळं मॉड्यूल झालं. एफ-शार्पला डॉटनेटची लायब्ररी आयतीच मिळते. कुठलीही घ्या, हातात येणारं झाड थोड्याफार फरकानं असंच असतं:

```
नोड =
    एलिमेंट नाव (यादी (नाव, मजकूर)) (यादी नोड)
  | अक्षरं मजकूर
```

दोनच प्रकार, आणि एलिमेंटच्या, म्हणजे पोटातल्या मजकुरासकट अख्ख्या टॅगच्या, आत पुन्हा नोडच. रिकर्सिव्ह टाइपचं यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही.

एक गंमत इथंच बघून घ्या. वरच्या ४१२ नंबरच्या पट्टीला पोरं किती? सगळे पाच म्हणतात: शेतकरी, गूळ आणि तीन कपाती. पण प्रत्येक टॅगच्या आधी आणि शेवटच्या टॅगनंतर जी नवी ओळ आणि मोकळी जागा आहे, तीही अक्षरंच. म्हणजे सहा कोरे नोड, एकूण अकरा. काही लायब्ऱ्या ही कोरी पोरं आपणहून टाकून देतात, काही देत नाहीत. "पहिलं पोर म्हणजे शेतकरी" असं धरून चालाल तर फसाल. पोराला नेहमी नावानं हाक मारा, क्रमांकानं नको.

पायरी ४: लहान डिकोडर, मग मोठे

खरा जीव इथं आहे. डिकोडर म्हणजे एक साधं फंक्शन. नोड आत जातो, बाहेर एकतर तुमच्या टाइपची किंमत येते किंवा चुकांची यादी:

```
डिकोडर अ = नोड -> निकाल (यादी चूक) अ
```

"काही नाही" परत देणारा टाइप इथं वापरू नका. तो वापरला म्हणूनच माझ्या तीन पट्ट्या न बोलता गेल्या. एफ-शार्प, ओकॅमल, एल्ममध्ये रिझल्ट आहे, हास्केल आणि स्कालात ईदर आहे. दोन्हींमध्ये का जमलं नाही हे सांगायला जागा असते.

आधी हाताशी चार अवजारं करून ठेवा:

```
गुण   : नाव -> डिकोडर मजकूर
मधला  : डिकोडर मजकूर
पोर   : नाव -> डिकोडर अ -> डिकोडर अ
पोरं   : नाव -> डिकोडर अ -> डिकोडर (यादी अ)
```

"गुण" ॲट्रिब्यूट आणतो. "मधला" टॅगच्या आतली अक्षरं गोळा करतो. अक्षरांचे दोन-तीन तुकडे असू शकतात, म्हणून सगळे जोडायचे, पहिला तुकडा घेऊन पळायचं नाही. "पोर" त्या नावाचं एकच पोर शोधतो, आणि शून्य सापडली किंवा दोन सापडली तरी चूक देतो. बऱ्याच लायब्ऱ्यांतलं तयार फंक्शन दोनातलं पहिलं उचलून गप्प बसतं. एका पट्टीत "गूळ" दोनदा आला तर दुसऱ्या वजनाचं काय झालं, हे शेतकरी तुम्हाला विचारणार.

मग मजकुरातून आकडा काढायचा. इथं देवनागरी अंकांचा एक खड्डा आहे. "४१२" हा मजकूर पायथन आणि जावा सरळ आकडा म्हणून वाचतात, पण हास्केल आणि डॉटनेट वाचत नाहीत, त्यांना रोमन अंकच लागतात. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये ० चं स्थान २४०६ आणि ९ चं २४१५, म्हणून अक्षराच्या स्थानातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. हे वेगळं छोटं फंक्शन करा आणि "आकडा"च्या आत एकदाच बोलवा.

आता कपात:

```
रक्कम = मधला |> पैशांत

कपातवाचक =
  गुण "प्रकार" घे, मग त्यावरून
    "हमाली" -> रूप१ हमाली रक्कम
    "तोलाई" -> रूप१ तोलाई रक्कम
    "उचल"   -> रूप२ उचल रक्कम (गुण "पावती" |> आकडा)
    इतर     -> चूक ("अनोळखी कपात: " + इतर)
```

"रूप१" म्हणजे तुमच्या भाषेतला मॅप, "रूप२" म्हणजे दोन डिकोडर घेणारा मॅप. "घे, मग" म्हणजे बाइंड, एल्ममध्ये त्यालाच अँडदेन म्हणतात. आणि |> म्हणजे "त्याचा निकाल पुढच्या फंक्शनला दे", वाट आधीच चुकली असेल तर पुढं न जाता. पट्टी याच तुकड्यांची होते:

```
पट्टीवाचक =
  रूप७ पट्टी
    (गुण "क्रमांक" |> आकडा)
    (पोर "शेतकरी" (गुण "खाते" |> आकडा))
    (पोर "शेतकरी" (गुण "गाव"))
    (पोर "गूळ" (गुण "रवे" |> आकडा))
    (पोर "गूळ" (गुण "किलो" |> आकडा))
    (पोर "गूळ" (गुण "दर" |> पैशांत))
    (पोरं "कपात" कपातवाचक)
```

वाचून बघा. फाइलचा आकार आणि टाइपचा आकार कुठं जुळतो आणि कुठं नाही, ते या सात ओळींत दिसतं. उद्या पाठवणाऱ्यानं "गाव" शेतकऱ्यातून काढून वेगळा टॅग केला, तर एकच ओळ बदलेल. हिशेबाचा कोड जागचा हलणार नाही, कारण तो "पट्टी" ओळखतो, एक्सएमएल नाही.

अनोळखी टॅग दिसला तर? माझा नियम असा: अनोळखी टॅग सोडून द्यायचा, पण ओळखीच्या टॅगमधली अनोळखी किंमत ही चूक. पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरनं उद्या "वाहन" नावाचा टॅग घातला म्हणून आपलं दुकान बंद पडायला नको. पण कपातीचा नवा प्रकार न वाचता पुढं गेलो, तर शेतकऱ्याच्या हातात चुकीची रक्कम पडते.

पायरी ५: चूक दिवाणजींना वाचता आली पाहिजे

बाइंड पहिल्या चुकीला थांबतो. त्याला इलाज नाही, कारण प्रकारच कळला नाही तर पुढं काय वाचायचं हे ठरत नाही. पट्टीच्या सात भागांचं तसं नाही. खातं चुकलं म्हणून दर वाचायचा थांबत नाही. म्हणून "रूप७" असा लिहा की तो सातही भाग चालवेल आणि चुका जमा करेल. याला ॲप्लिकेटिव्ह पद्धत म्हणतात, आणि हास्केलचा ईदर ही आपणहून करत नाही, तोही पहिल्या चुकीला थांबतो. त्यासाठी व्हॅलिडेशन नावाचा टाइप घ्या किंवा स्वतःचा लिहा, दहा-बारा ओळींचं काम आहे.

दुसरी गोष्ट, चुकीला पत्ता हवा. "पोर" हे फंक्शन आतून आलेल्या प्रत्येक चुकीच्या पुढं स्वतःचं नाव जोडतं, एवढं केलं की पुरे:

```
पट्ट्या / पट्टी ४१२ / गूळ / दर : आकडा हवा होता, मिळालं "४,१५०"
```

ही ओळ दिवाणजींना पाठवली की ते स्वतः दुरुस्त करतात, मला फोन येत नाही.

यादीसाठी दोन धोरणं असतात. एक चुकली की सगळी फाइल परत, किंवा चांगल्या आणि चुकलेल्या वेगळ्या करायच्या. मी दुसरं वापरतो, पण दोन्ही याद्यांची संख्या खाली छापतो: वाचल्या ५९, अडल्या ३, एकूण ६२. ही बेरीज फाइलमधल्या पट्टी टॅगांच्या संख्येशी जुळली नाही तर प्रोग्रामनं थांबायचं.

दुसऱ्या वाटा

डिकोडर हीच एक वाट नाही. नुसते दोन-तीन आकडे उचलायचे असतील तर कर्सर किंवा क्वेरीची लायब्ररी बरी, झाडात उतरायचं, हवं ते तोडून आणायचं. झाडात बदल करून ते परत लिहायचं असेल तर झिपर शिका, म्हणजे झाडात आपण कुठं आहोत ती जागा धरून ठेवणारी रचना. जेरार ह्यूएनं १९९७ मध्ये मांडलेली ही कल्पना क्लोजरमध्ये तयारच मिळते.

टाइप आणि डिकोडर दोन्ही यंत्राकडून तयार करून घेण्याचीही वाट आहे. सर्वसाधारण कॉम्बिनेटर वापरायचे की डीटीडीवरून (फाइलमध्ये कोणते टॅग कसे येतील याची नियमावली) टाइप बनवायचे, हा वाद जुना आहे. माल्कम वॉलेस आणि कॉलिन रन्सिमन यांनी १९९९ मध्ये हास्केलच्या संदर्भात दोन्ही बाजू एकाच निबंधात मांडल्या, आणि त्यातूनच हॅक्सएमएल ही लायब्ररी आली. एफ-शार्पचा टाइप प्रोव्हायडर नमुन्याची फाइल बघून टाइप ठरवतो. पहिल्या दिवशी जादू वाटते. पण नमुन्यातल्या प्रत्येक पट्टीत एकेकच कपात असेल, तर तो कपात एकच आणि सक्तीची धरून बसतो. नमुना निवडायला पुन्हा दिवाणजीच लागतात.

पायरी ६: फाइल मोठी असेल तर

पूर्ण झाड मेमरीत मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा घेतं. वर्षाच्या सगळ्या पट्ट्या एका फाइलमध्ये आल्या की हे जाणवतं. तेव्हा फाइल घटनांच्या ओळीसारखी वाचायची: टॅग उघडला, अक्षरं आली, टॅग मिटला. या ओळीवर फोल्ड चालवला की बेरीज होते. पण सगळंच घटनांवर लिहायला बसलात तर डोकं दुखेल. मधला मार्ग घ्या. बाहेरची पट्ट्यांची रांग घटनांनी वाचा, एक पट्टी पूर्ण झाली की तिचं छोटं झाड करा आणि ते वरच्याच पट्टीवाचकला द्या. एका वेळी मेमरीत एकच पट्टी राहते आणि डिकोडर पुन्हा लिहावा लागत नाही.

यात एक मेख आहे. फाइलचं शेपूट तुटलेलं असेल, तर ते शेवटी पोचल्यावरच कळतं, तोवर तुम्ही हजार पट्ट्या वाचलेल्या असता. म्हणून शेवटचा टॅग मिटेपर्यंत कुणाच्याही खात्यावर काही चढवू नका.

पायरी ७: फाइल झाडापर्यंत पोचतच नाही तेव्हा

कुणीतरी मजकुरात "गूळ & काकवी" असं सरळ लिहिलेलं असतं. एक्सएमएलमध्ये ती खूण तशीच ठेवता येत नाही, आणि अशा चुकीला पार्सरनं (मजकुराचं झाड करणाऱ्या लायब्ररीनं) थांबायचंच असा नियम आहे. पाठवणाऱ्याला सांगून दुरुस्त करून घ्या.

एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत मला ४ क्रमांकाच्या कंट्रोल कॅरेक्टरचा उल्लेख सापडायचा. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालची ९, १० आणि १३ एवढीच चालतात: टॅब आणि ओळ बदलणारी दोन. पाठवणारा ऐकणार नसेल तर पार्सरच्या आधी एक छोटं फंक्शन बसवा, जे हा कचरा काढेल आणि किती काढला ते नोंदवेल. कच्च्या मजकुरात हात घालायची परवानगी मी एवढ्याच कामाला देतो.

फाइल मजकूर म्हणून उघडू नका, बाइट म्हणून पार्सरला द्या. ती यूटीएफ-८ आहे की यूटीएफ-१६, हे तो सुरुवातीच्या बाइटवरून आणि पहिल्या ओळीवरून ठरवतो. तुम्ही आधीच मजकूर करून दिलात तर "वडणगे"च्या जागी विचित्र खुणांची रांग येते.

बाहेरून आलेल्या फाइलसाठी डीटीडी आणि एंटिटी (फाइलमध्येच ठरवलेली, दुसऱ्या मजकुराऐवजी वापरायची छोटी नावं) बंद ठेवा. एका एंटिटीत दहा, त्यातल्या प्रत्येकीत पुन्हा दहा, अशा नऊ पायऱ्या रचल्या की काही ओळींची फाइल उलगडताना शंभर कोटी तुकडे होतात आणि मशीन झोपतं. टॅगच्या नावात कोलन (:) दिसला, तर त्याच्या आधीचा शब्द नुसतं टोपणनाव असतं आणि ते फाइलगणिक बदलू शकतं. तुलना नेमस्पेसच्या, म्हणजे ते टोपणनाव ज्याच्या बदली आहे त्या, पूर्ण पत्त्याशी करा.

पायरी ८: उलटं फिरवून बघा

पट्टीवरून एक्सएमएल लिहिणारं फंक्शनही करा, काम नसलं तरी. मग कुठलीही पट्टी लिहून परत वाचली की तीच मिळाली पाहिजे. हे तपासायला कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांचं २००० सालचं क्विकचेक आहे, ते शेकडो पट्ट्या स्वतःच रचून बघतं. माझ्याकडे पहिल्याच दिवशी त्यानं गावाच्या नावात अवतरणचिन्ह घालून माझा लिहिणारा मोडला. मोडलेल्या खऱ्या फाइलीही एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. माझ्याकडची पहिली फाइल ती बासष्ट पट्ट्यांची आहे.

तिच्यातला स्वल्पविराम चूक धरायचा की नाही, यावर दिवाणजी आणि मी चहावर बराच वेळ घातला. त्यांचं म्हणणं, "स्वल्पविराम घातला म्हणून आकडा बदलतोय व्हय?" ते बरोबर होतं. पण हंगामात कुणीतरी "९५.५०" च्या ऐवजी "९५,५०" दाबलेलंही आम्ही पाहिलं होतं. शेवटी "पैशांत" असा लिहिला: शेवटच्या गटात तीन अंक आणि आधीच्या गटांत दोन-दोन, अगदी पहिल्यात एक किंवा दोन, असेल तरच स्वल्पविराम काढायचा. "४,१५०" जातो, "१,१५,०००" जातो. "९५,५०" पत्त्यासकट दिवाणजींच्या फोनवर.